पुढं एक, मागं चार

आशाबाईच्या नवऱ्याला भरल्या पोटी बोलायची खोड होती. रिकाम्या पोटी बद्रीनाथ अगदी समंजस माणूस. वाळूजला कंपनीत फिटर, शिफ्टच्या बसनं जायचा, शिफ्टच्या बसनं यायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पोटात गोडधोड गेलं, की त्याच्या तोंडून काय बाहेर पडेल ह्याचा आशाबाईला कधी भरवसा वाटला नाही. त्यातून सासुरवाडीचं जेवण असलं तर विचारायलाच नको.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती दोघं सोयगावला गेली होती. पंगतीत आमरसाची दुसरी वाटी फिरत होती आणि आशाबाईचे वडील, आप्पासाहेब, आपल्या मोसंबीच्या बागेचं गाऱ्हाणं सांगत होते. बैलजोडी विकून झाली होती. तण काढायला भाड्याचा ट्रॅक्टर आणला, तर त्यानं तणापेक्षा फांद्याच जास्त मोडल्या.

"आपल्या बागंत जाईल असा ट्रॅक्टरच नाय," आप्पासाहेब म्हणाले.

"दाजींना सांगा की," आशाबाईचा धाकटा भाऊ काकासाहेब म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला चिमटा काढल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. "दाजी दिवसभर नटंच आवळतेत. एखादं नट आमच्याकडं बी आवळा म्हणावं."

आशाबाईनं घाईनं रसाचं पातेलं उचललं आणि नवऱ्याची वाटी काठोकाठ भरली. पण उशीर झाला होता.

"नटं आवळीत नाय मी, मशिनी उभ्या करतो," बद्रीनाथ म्हणाला. "मामा, तुमच्या बागंचा ट्रॅक्टर मी करतो. घरी करतो. फांदीला धक्का न लावता झाडाखालून जाईल असा. दसऱ्याला तुमच्या दारात उभा नाय केला तर नाव बदला."

"काय ठिवायचं, त्ये बी आत्ताच सांगून ठिवा," काकासाहेब म्हणाला. सगळी पंगत हसली, आणि बद्रीनाथ वाटीत मान घालून रस प्यायला लागला.

आशाबाईला वाटलं, रस जिरला की हेही जिरेल. पण आठवडाभरात पुंडलिकनगरच्या त्यांच्या घरापुढची स्कूटर अंगणात उन्हात गेली आणि पोर्चमध्ये लोखंड येऊन पडलं. शेजारचा सांडू रिक्षा चालवायचा. शहरात कुठं काय मोडीत निघालं ह्याची खबर त्याला पहिल्यांदा लागायची. त्यानं सहा आसनी रिक्षाचं डिझेल इंजिन आणून दिलं. जुन्या जीपचा गेरबॉक्स मिळाला, त्याच जीपचा मागचा आस मिळाला, मधल्या, चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलच्या पोटासकट. सांगाड्याला मात्र मनासारखा अँगल मिळेना. मग एका रविवारी आशाबाई भाजी घेऊन परत आली, तर पोर्चमध्ये ठिणग्या उडत होत्या आणि आतल्या खोलीतली गादी जमिनीवर होती.

"माझा पलंग कुठंय?" तिनं विचारलं.

बद्रीनाथनं तोंडापुढची काच वर केली. "त्याचा अँगल लई भारी निघाला गं. असलं लोखंड आता मिळत नाय."

"माझ्या बापानं लग्नात दिला होता त्यो!"

"मग बापाच्याच दारात चाललाय की परत."

आशाबाईनं भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली आणि आज स्वयंपाक तुम्हीच करा म्हणून सांगितलं. त्या दिवशी दोघं आणि सांडू, तिघांनी कच्चट वांगी खाल्ली.

पावसाळाभर पोर्चमध्ये ठाकठोक चालली. सुटीच्या दिवशी गल्लीतली माणसं चहा घेऊन यायची आणि उभ्या उभ्या सल्ले द्यायची. आस बसवताना बद्रीनाथपुढं एक अडचण आली. स्प्रिंगा बसायच्या बैठका नको त्या बाजूला येत होत्या. बराच वेळ डोकं खाजवून त्यानं तो अख्खा आसच पालथा घातला. बैठका बरोबर पलंगाच्या अँगलखाली आल्या, बोल्ट सरळ बसले, आणि बद्रीनाथ स्वतःवर इतका खूष झाला, की सांडूला मिठी मारून त्यानं त्याचा खाकी सदरा ग्रीसनं काळा केला.

खंडेनवमीच्या आदल्या रविवारी त्यानं ट्रॅक्टर विटांवर उभा करून चालू केला. धुरानं पोर्च भरला, गल्लीतली कुत्री पळाली, आणि मागची मोठाली चाकं हवेत गरागरा फिरायला लागली. टाळ्या पडल्या. सांडू "वा उस्ताद! चल पडी!" म्हणत नाचला. आशाबाईनंही मनापासून पेढे वाटले. चाकं कुणीकडं फिरतायत हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. फिरतायत, ह्यातच सगळं आलं होतं.

रस्त्यावर चालवला तर पोलीस धरतील, म्हणून गल्लीनं ट्रॅक्टर ढकलत ढकलत टेम्पोत चढवला. सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर करत तो दसऱ्याच्या सकाळी सोयगावला पोचला, आणि तसाच ढकलत आप्पासाहेबांच्या खळ्यात उतरवला.

खळ्यात तयारी जंगी होती. सारवण, रांगोळी, झेंडूच्या माळा. भाऊबंद आले होते, शेजारच्या द्वारकाबाई आल्या होत्या, शेतात मेंढरं बसवायला येणारा मल्हारी धनगर घोंगडी खांद्यावर टाकून आला होता. आशाबाईच्या आईनं, मनकर्णाबाईनं, ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं. लावता लावता तिचा हात सांगाड्यावर थांबला. तिनं अँगलवरून बोट फिरवलं, वाकून रंग बघितला आणि लेकीकडं पाहिलं. आशाबाईनं आकाशाकडं पाहिलं. म्हातारीनं एक बोट कुंकू जास्तच लावलं.

नारळ फुटला. बद्रीनाथ नवा सदरा घालून सीटवर बसला. कंपनीत सेफ्टीचे धडे घेतलेला माणूस, त्यानं हात वर करून सगळ्यांना बजावलं, "पुढं कुणी थांबू नका! सगळे मागं व्हा, मागं!"

सगळे मागं जाऊन उभे राहिले. सतरंजीही मागं, चहाचा ट्रेही मागं, आणि त्यांच्या मागं मक्याच्या कणसांचा वाळत घातलेला ढीग.

बद्रीनाथनं इंजिन चालू केलं, पहिला गेर टाकला, मोठ्या डौलात समोर बागेकडं नजर लावली आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर मागं निघाला.

मग जी पळापळ झाली तिचं वर्णन सोयगावात अजून ज्याचं त्याचं वेगळं आहे. द्वारकाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून उडी मारली हे मात्र सगळ्यांना मान्य आहे. चाकं सतरंजीवरून गेली, ट्रे गेला, कपबश्या गेल्या. गोंधळून बद्रीनाथनं घाईत दुसरा गेर टाकला, तर ट्रॅक्टर आणखी जोरात मागं पळाला आणि मक्याच्या ढिगात अर्धा घुसून बंद पडला. वरून चार कणसं घरंगळत येऊन बद्रीनाथच्या मांडीवर पडली.

मग काकासाहेब पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर दसरा आणि दिवाळी एकदमच आली होती.

"दाजी," तो म्हणाला, "ह्ये मागं कामून येतंय?"

आशाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. आता हा खरं बोलेल आणि वर्षभर आपल्याला माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तिला वाटलं. पण तिला विसर पडला होता, की बद्रीनाथनं सकाळीच सासूच्या हातच्या तीन पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या.

"मागंच यायला पाहिजे," बद्रीनाथ म्हणाला. त्यानं मांडीवरची कणसं एकेक करून खाली ठेवली. "बागंचा ट्रॅक्टर हाय ह्यो. पुढं एक गेर, मागं चार."

"आँ?"

"रोडवरच्या गाडीचं काम पुढं असतंय. शेतातल्या गाडीचं काम कुठं असतंय? मागं. अवजार मागं, तण मागं, माणूस बघतो बी मागंच. मग गाडीनं पुढं जाऊन करायचं काय? बाहेरच्या देशात बागंला असलेच असतेत."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "इचार करण्यासारखं हाय," ते म्हणाले.

बोलून बसल्यावर करून दाखवणं आलं. दुपारभर बद्रीनाथ मान मागं वळवून बागेत उलटा ट्रॅक्टर हाकत राहिला. काकासाहेब बांधावर बसून "वा दाजी! आता तिसरा टाका!" म्हणून ओरडत होता. दिवस कलला तेव्हा बद्रीनाथ खाली उतरला, पण त्याची मान काही त्याच्याबरोबर वळून आली नाही. ती डाव्या खांद्यावर तशीच राहिली. सोनं द्यायला आलेल्या लोकांना त्यानं कडेकडेनं बघत आपट्याची पानं दिली.

आशाबाई आतल्या खोलीत त्याच्या मानेला गरम तेल चोळायला बसली.

"खरं काय हाय?" तिनं हळूच विचारलं.

बद्रीनाथनं दाराकडं पाहिलं. म्हणजे मान तिकडंच होती. "आस पालथा घातला ना मी," तो कुजबुजला. "पालथा घातला की चाकं उलटी फिरतेत. पुढचे चार गेर मागं झाले आन् मागचा एक पुढं. नवशिक्या पोराला बी कळतंय. मला कसं सुचलं नाय, देव जाणे."

आशाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते आणि त्याबरोबर बद्रीनाथची मानही हलत होती.

"हसू नको, दुखतंय! घे, आईची शपथ घे. कुणाला सांगायचं नाय."

आशाबाईनं आईची शपथ घेतली. आणि आईची शपथ होती, म्हणून तिनं फक्त आईलाच सांगितलं. मनकर्णाबाईनं फक्त द्वारकाबाईंना सांगितलं. द्वारकाबाईंनी कुणाकुणाला सांगितलं ह्याचा हिशेब लागायची सोय नाही.

सकाळी आशाबाई अंगण झाडायला आली, तर दारात माणसंच माणसं. सगळ्यांची तोंडं गंभीर, सगळे ट्रॅक्टरभोवती हात मागं बांधून उभे. तिला क्षणात उमगलं. ह्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते कुणीच बोलणार नव्हतं, कारण पाव्हण्याला प्रश्न विचारण्यातली मजा त्यांना सोडायची नव्हती. आत जाऊन नवऱ्याला सावध करावं, असं तिला एकदा वाटलं. मग वाटलं, निदान चहा होईस्तोवर थांबू.

"पाव्हणं," बद्रीनाथ चहा घेऊन बाहेर आल्यावर द्वारकाबाईंनी विचारलं, "मागं चालल्यावर डिझेल बी परत टाकीत येतं का वो?"

"तसं नाय, पण कमी लागतं," बद्रीनाथ म्हणाला. "हवा पाठीवर बसत नाय ना."

मल्हारी बराच वेळ चाकाजवळ उकिडवा बसला होता. "मेंढराला शिकविता यील का ह्ये?" त्यानं विचारलं. "लोकाच्या पिकात गेलं की म्हागच्या पायानंच भाईर."

बद्रीनाथनं ह्यावरही विचार केला. "मेंढराला एकच गेर असतो," तो म्हणाला. मल्हारीनं घोंगडीत तोंड लपवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग काकासाहेबानं ठेवणीतला प्रश्न काढला. "दाजी, एक शंका. जायचं मागं, बघायचं मागं. मग सीट कामून पुढं तोंड करून बसविली?"

आशाबाईचा झाडू हातातच राहिला. आता मात्र संपलं, तिला वाटलं. बद्रीनाथ वाकड्या मानेनं सीटकडं बघत राहिला.

"ते काम हितंच करायचं ठिवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "ज्याची बाग, त्याच्या मापानं सीट बसवावी लागती. मामा, जरा उभं राहा."

आणि आप्पासाहेब, गावात ज्यांच्या शब्दाला मान होता ते आप्पासाहेब, उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बद्रीनाथनं सुतळीनं त्यांचं माप घेतलं. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. एवढी माणसं भोवती उभी, पण एकाच्याही ओठाची कड हलली नाही. आशाबाई मात्र झाडू टाकून गोठ्यात गेली आणि गायीच्या गळ्यात हात टाकून पोटभर हसून आली.

पण माप घेतल्यावर सीट फिरवणं भाग होतं. ट्रॅक्टर बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडं नेला. सीट फिरली, स्टिअरिंग फिरलं, पायातले पेडल फिरले. तण काढायचं सायकल कोळपं कसं माणूस पुढं ढकलत नेतो, तसं रुंद पातं बद्रीनाथनं मोठ्या चाकांपुढं बसवलं. काम हाताला लागलं तसा त्याचा चेहरा बदलत गेला, हे आशाबाई डबा घेऊन गेली तेव्हा तिनं पाहिलं. आता तो थापा मारत नव्हता. पात्याचा कोन बघत होता, जमिनीवर खडूनं रेघा मारत होता, आणि मानेचं दुखणंही विसरला होता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर खळ्यात आला तेव्हा गर्दी दुप्पट होती. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. फिरवाफिरवीत स्टिअरिंगची दांडी अशी जोडली गेली होती, की हँडल डावीकडं वळवलं की गाडी उजवीकडं जायची. बद्रीनाथला हे वाटेतच कळलं होतं आणि पाना घेऊन तो खाली वाकणार, एवढ्यात काकासाहेब उडी मारून सीटवर बसला.

"दाजी, बाजूला व्हा. पहिली फेरी माझी."

"अरं, थांब. एक गोष्ट सांगायची—"

"सगळं ठावं हाय मला! गावातले सगळे ट्रॅक्टर चालविलेत म्या."

बद्रीनाथनं तोंड उघडलं. मग आशाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानं ते मिटलं, पाना खिशात घातला आणि दोन पावलं बाजूला झाला.

काकासाहेब निघाला. खळ्याच्या तोंडाशी त्यानं बागेकडं वळवायला म्हणून हँडल डावीकडं फिरवलं. गाडी उजवीकडं वळली. त्यानं आणखी जोरानं डावीकडं फिरवलं, गाडी आणखी उजवीकडं. उजव्या हाताला उकिरडा होता, पावसाळ्याचं पाणी मुरून मऊ झालेला. ट्रॅक्टर काठावर थांबला, काकासाहेब थांबला नाही.

खळं नुसतं हसण्यानं फुटायचं बाकी राहिलं. मल्हारी जमिनीवर लोळला. मनकर्णाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्यांत मोठ्यानं हसत होता बद्रीनाथ.

कोपरापर्यंत शेणानं माखलेला काकासाहेब उभा राहिला आणि ओरडला, "हसा! हसा! तुमचा आस उलटा बसलाय, ह्ये आख्ख्या गावाला परवापासून ठावं हाय! आक्कानंच सांगितलं!"

हसणं एकदम थांबलं. बद्रीनाथनं आशाबाईकडं पाहिलं. पाना खिशातून काढून ओट्यावर ठेवला आणि बागेत निघून गेला.

थट्टा थट्टा म्हणता आपण ह्या माणसाला साऱ्या गावापुढं नागवं केलं, असं आशाबाईला वाटलं. ती त्याच्या मागं गेली. तो एका मोसंबीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"आईची शपथ घेतली होतीस," तो म्हणाला.

"म्हून आईलाच सांगितलं."

"म्हंजे डिझेल, मेंढरं, ते सगळं... त्यांना ठावं असून इचारीत होते?"

"व्हय."

"आन् मामा? सीटचं माप देताना?"

आशाबाईला खोटं बोलवेना. "त्यांना बी ठावं होतं. उंच दिसायला टाचा वर केल्या होत्या त्यांनी."

बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. बराच वेळ तो खालचं गवत उपटत राहिला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पर एक सांगू? तुमी इतकं चांगलं बोलत होता, की थांबवायचा जीवच झाला नाय. लोकं चहा प्यायचं इसरली."

बद्रीनाथनं तिच्याकडं पाहिलं. "मेंढराला एकच गेर असतो," तो पुटपुटला, आणि त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. मग दोघंही झाडाला टेकून हसत सुटली. हसता हसता त्याची मान कट्‌कन वाजली आणि सरळ झाली.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला इंजिनाचा आवाज आला. झाडांखालून ट्रॅक्टर येत होता आणि सीटवर आप्पासाहेब होते. अंगणातलं तुळशीवृंदावन आणि मनकर्णाबाईच्या चार कुंड्या त्यांनी वाटेत शिकता शिकता आडव्या केल्या होत्या, हे नंतर कळलं. पण आता ट्रॅक्टर सरळ चालला होता. पातं डोळ्यांसमोर, पात्यापुढं गुडघाभर तण, आणि मागं स्वच्छ काळी माती. डोक्याला फांदी लागत नव्हती, फांदीला डोकं लागत नव्हतं. मुळाजवळ आलं की आप्पासाहेब पातं बेतानं बाजूला घेत होते, कारण ते त्यांना समोर दिसत होतं.

जवळ येऊन त्यांनी इंजिन बंद केलं. "डावीकडं जायचं असलं की उजवीकडं इचार करायचा," ते म्हणाले. "जमतंय."

"मामा, माझी चूकच झालीय," बद्रीनाथ उभा राहिला. "आस पालथा बसला. मी उद्या काढतो, सरळ करून देतो."

"हात लावायचा नाय," आप्पासाहेब म्हणाले. "स्टिअरिंग तेवढं नीट करा, घरात बायकू बोलती. बाकी आसाला कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय."

परतीच्या एसटीत आशाबाईला खिडकीजवळची जागा मिळाली. बद्रीनाथ मध्ये, आणि त्याच्या पलीकडं फर्दापूरला चढलेला धोतर नेसलेला एक अनोळखी बागायतदार. सासूनं निघताना दोघांना पोटभर बासुंदी वाढली होती. एसटी घाट चढून आली. मग बद्रीनाथ शेजाऱ्याकडं वळला.

"मोसंबी हाय का तुमची?" त्यानं विचारलं.

"हाय की. कामून?"

"ट्रॅक्टर कुठला वापरता?"

"साधाच. पुढं चार गेर, मागं एक."

बद्रीनाथनं च्‌च्‌ केलं. "हितंच तर चुकतेत लोकं," तो म्हणाला, आणि सरसावून बसला.

आशाबाईनं घाईघाईनं तोंड खिडकीबाहेर काढलं आणि पदर दातांत धरला.